चौथा भिडू

सतरा वर्षांच्या नातवाच्या टेबलाच्या खणात पत्त्यांचा खोका सापडला, तर आजोबांनी काय करावे? निदान मी जे केले ते तरी करू नये. मी तो खोका उचलून माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावले.

बारावीचे वर्ष होते. मुलगा आणि सून मस्कतला नोकरीला, म्हणून नातू अकरावीपासून आमच्याकडे पुण्याला राहायला आलेला. मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. बारावी आणि पत्ते ही दोन पदे एका समीकरणात मांडता येत नाहीत, अशी माझी पक्की समजूत. "पूर्वपरीक्षा झाली की देतो," असे मी त्याला सांगितले. तो "बरं" म्हणाला. पूर्वपरीक्षा जानेवारीत झाली. खोका मी दिला मार्चमध्ये, शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी. मधल्या काळात आम्हा दोघांचे संभाषण "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर आले होते. पुढे मार्क चांगले पडले. मी मनात म्हटले, पाहा, कुलपाचा गुण!

मे महिन्यात त्याचे सोबती गावोगाव पांगले. हा एकटाच गॅलरीत बसून पाने मांडी, पाही, पुन्हा गोळा करी. सौ.ने चार दिवस हे पाहिले. पाचव्या दिवशी दुपारी डाळ निवडायचे ताट बाजूला सारून ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"काय रे, किती जण लागतात या खेळाला?"

"चौघं असले की मजा येते, आजी."

"मग दोघं झालो. शेजारच्या वकीलसाहेबांना मी बोलावते. आणि चौथा..." असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र जरा वर धरले. पण ज्या घरात जेवायचे असते त्या घरात किती वेळ वर्तमानपत्र धरून बसणार?

आता हा खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. त्याचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याच वर्षी गारफील्डसाहेबांना क्रमचय-संयोगांच्या गणितात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. हे कळल्यावर माझा विरोध एक आणा कमी झाला, हे कबूल केले पाहिजे. आपल्या झब्बूत किंवा मेंढीकोटात सर्वांना मिळून पत्त्यांचा एकच कॅट असतो. गारफील्डची युक्ती अशी की, येथे प्रत्येक भिडू आपापला कॅट घरून घेऊन येतो आणि त्यातली पाने त्याने स्वतः निवडलेली असतात. निवडायला आज पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळी पाने आहेत. ती पाकिटांतून विकत मिळतात. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही, आणि नको ते निघाले तर मित्राशी अदलाबदल करायची. आमच्या लहानपणी आम्ही काडेपेट्यांची चित्रे अशीच बदलत असू, फक्त त्यांची लढाई कोणी लावली नव्हती.

मूळ खेळ दोघांचा. चौघांनी मिळून खेळायचा जो प्रकार आमच्या घरात आला, त्याला 'कमांडर' म्हणतात. तो कंपनीने काढलेला नव्हे, खेळणाऱ्यांनीच काढलेला. अलास्कात काही गड्यांनी तो सुरू केला, शेल्डन मेनरी नावाच्या एका नामांकित पंचाने त्याचा जगभर प्रसार केला, आणि २०११ साली कंपनीने त्यासाठी तयार कॅट विकायला काढून त्याला आपले म्हटले. मेनरी २०२३ साली वारले. या प्रकारात कॅट बरोबर शंभर पानांचा. जमिनीची साधी पाने सोडली तर एकही पान दुसऱ्यांदा घ्यायचे नाही. शंभरातले एक पान म्हणजे तुमचा सेनापती. तो उघडा वेगळा ठेवलेला असतो आणि मेला तरी पुन्हा बोलावता येतो, मात्र दर खेपेस दोन दाम जास्त मोजून. प्रत्येक भिडूचे आयुष्य चाळीस गुणांचे; ते संपले की तो बाद. शिवाय एकाच सेनापतीचे एकवीस गुणांचे घाव लागले तरी बाद. हा एकवीसचा आकडा कोठून आला, ते मी नातवाला विचारले. १९९४ साली निघालेले पाच जुनेपुराणे ड्रॅगन हे या प्रकारातले मूळ सेनापती. त्यांचे बळ प्रत्येकी सात, आणि सात त्रिक एकवीस. आमच्या पाढ्यांची वट अजून आहे तर!

खेळाचे इंधन म्हणजे जमीन. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य अशा पाच जाती आणि त्यांचे पांढरा, निळा, काळा, तांबडा, हिरवा असे पाच रंग. आपल्या पाळीला एक पान उचलायचे, हातात असेल तर एक जमीन मांडायची आणि जमिनीच्या उत्पन्नातून प्राणी बोलवायचे नाहीतर मंत्र टाकायचे. प्राणी शत्रूवर चालून गेला की त्याचे पान आडवे होते, आणि आडवा प्राणी पुढच्या पाळीपर्यंत तुमचे रक्षण करू शकत नाही. एवढे कळले की खेळायला बसता येते. बाकीचे प्रत्येक पानावर छापलेले असते. तेथेच सारी भांडणे होतात.

नातवाच्या खोक्यातून आम्ही चौघांनी चार कॅट रचले. येथे गंमत अशी की, शंभर पाने एका सूत्राभोवती गुंफलेली असावी लागतात. दिसेल ते चांगले पान घालून कॅट होत नाही. ती नुसती मिसळ होते.

नातवाने तांबड्या रंगाचे गॉब्लिन घेतले. गॉब्लिन म्हणजे बुटके, दंगेखोर, एकेक गुण बळाचे भुतावळ. त्यांचा सेनापती क्रेंको. हा स्वतः लढत नाही. दर पाळीला तो आडवा होतो आणि जितके गॉब्लिन तुमच्याकडे असतील तितकेच नवे निर्माण करतो. म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, चारांचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या दाण्यांची गोष्ट मी पोरांना शाळेत दरवर्षी सांगत असे. ते दाणे कोयते घेऊन अंगावर येतील असे मात्र वाटले नव्हते.

वकीलसाहेबांना सेनापती म्हणून ऑगस्टिन नावाचे एक मुख्य न्यायाधीश मिळाले. त्यांच्या अमलात मालकाचे पांढरे आणि निळे मंत्र स्वस्त, आणि बाकी सर्वांचे सर्व मंत्र एका दामाने महाग. "हे तर आमच्या कोर्टासारखंच झालं," असे म्हणून त्यांनी ते पान छातीशी धरले. त्यांच्या कॅटचे सूत्र तटबंदीचे. घोस्टली प्रिझन म्हणून एक पान आहे, ते मांडले की तुमच्यावर चालून येणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे शत्रूला दोन दाम भरावे लागतात. प्रोपगंडा नावाचे निळे पानही तेच करते. जुन्या जकात नाक्याची आठवण यावी! यात शहाणपणा असा की नाका लढाई थांबवीत नाही, ती फक्त शेजाऱ्याच्या दारी वळवतो. पंधरा गॉब्लिन घेऊन निघालेला माणूस तीस दाम भरण्याऐवजी समोरच्या मास्तराकडेच जाणार.

सौ.ने खोक्यातून एक पान उचलले आणि ती खुदकन हसली. जांभळट रंगाचा, पंखवाला पाणघोडा! त्याचे नाव फेल्डाग्रिफ. ते १९९६ सालचे पान आहे आणि गारफील्ड या नावापुढे पीएच.डी. ही पदवी जोडून अक्षरांची उलटापालट केली की ते नाव होते. हा पाणघोडा दाम घेऊन अडवणाऱ्याला तुडवीत पुढे जातो, उडू लागतो किंवा मालकाच्या हातात परत येतो. परंतु दर वेळी कोणत्या तरी प्रतिस्पर्ध्याला भेट द्यावी लागते. कोणाला एक लहान पाणघोडा, कोणाला दोन गुण आयुष्य, कोणाला एक पान. "म्हणजे हळदीकुंकू," सौ. म्हणाली. "मला हेच जमेल."

आणि मी? मी अर्थातच सर्वांत मोठा आकडा निवडला. निकोल बोलास. पाच मूळ ड्रॅगनांपैकी एक, सात गुण बळाचा, उडणारा, आणि ज्याला त्याचा घाव लागेल त्याच्या हातातली सगळी पाने टाकून देणारा. किंमत आठ दाम. शिवाय तो मैदानात राहावा म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला तीन दाम खुराक द्यायचा. नाही दिला तर गेला. नातू म्हणाला, "आजोबा, हा पोसायला अवघड आहे." मी ऐकले नाही. ड्रॅगनांना जागा हवी म्हणून मी जमिनीही सदतिसाच्या बत्तीस केल्या.

ही चूक मी, एका गणिताच्या मास्तराने, करावी याची लाज वाटते. हिशेब अगदी सोपा आहे. पहिल्यांदा सात पाने हातात येतात, पुढे पाळीला एक. शंभरात सदतीस जमिनी असतील तर ढोबळ मानाने बावीस पाने पाहिल्यावर आठ जमिनी मिळतात, म्हणजे पंधराव्या पाळीला. बत्तीस असतील तर पंचवीस पाने पाहावी लागतात, म्हणजे अठरावी पाळी. तोपर्यंत गॉब्लिन घरात शिरून पाट मांडून बसतात. म्हणूनच जाणते खेळाडू सदतीसच्या आसपास जमिनी ठेवतात आणि शिवाय सोल रिंगसारखी पाने घालतात. एका दामात मांडलेली ही अंगठी दर पाळीला दोन दाम देते. महाग सेनापतीला आधी खजिना हवा, फौज मागाहून. मी उलटे केले, आणि पहिल्या दोन रविवारी बोलास एकदाही मैदानात न येता मी बाद झालो.

पण खरी गोष्ट जमिनींची नव्हे. दोघांच्या खेळात आणि चौघांच्या खेळात किती अंतर आहे, हे कळायला मला महिना लागला.

मेंढीकोटात चौघे असतात, पण भिडू ठरलेला असतो. समोर बसला तो आपला, शेवटपर्यंत. या खेळात समोरचा कोणीच आपला नाही, आणि पाळीपुरता कोणीही आपला होऊ शकतो. आकडेच पाहा. दोघांत तुम्ही एक पान खर्चून शत्रूचे एक पान मारले, तर हिशेब बरोबरीत सुटतो. चौघांत तसे केले तर तुमचे एक गेले, त्याचे एक गेले, आणि बाकीचे दोघे भरल्या हातांनी गंमत पाहत बसले. लायटनिंग बोल्ट हे एका दामात तीन गुणांचा घाव करणारे प्रसिद्ध पान. दोघांच्या खेळात शत्रूचे आयुष्य वीस असते, तेथे सात बोल्टांत तो आडवा. येथे तिघांचे मिळून एकशेवीस. तीन गुणांनी काय होणार? उलट रॅथ ऑफ गॉड हे मैदानातले झाडून सारे प्राणी मारणारे पान एकटे असूनही दहा पानांशी बरोबरी करते. तेव्हा चौघांत शहाण्याने किरकोळ मारामारी करू नये. एक मोठे पान राखून ठेवावे आणि गर्दी जमेपर्यंत थांबावे. वकीलसाहेब हे उपजतच जाणत होते. तारीख पुढे ढकलण्याची सवय.

दुसरे असे की, जो बलाढ्य दिसतो त्याच्याविरुद्ध तिघे एक होतात. माझा बोलास मैदानात उतरला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळत. सौ.च्या पाणघोड्याकडे कोणी पाहत नसे. तो मारला तर भेटी बंद होणार! तिची देण्याची रीतही पाहण्यासारखी होती. सर्वांना सारखे वाटले तर सर्वांत पुढे असलेल्याचाच फायदा होतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. जो मागे पडला असेल त्याला ती हळूच एक पाणघोडा देई आणि म्हणे, "घे रे, आजोबांचा ड्रॅगन फार माजलाय." लढाई त्याने करायची, आणि उपकार हिचे.

आता तो रविवार. जूनचा दुसरा असावा. बाहेर पाऊस होता आणि आत कांदाभजी. त्या दिवशी वकीलसाहेबांचा तुरुंग कॅटच्या तळाशी राहिला होता, त्यामुळे दारावर नाका नव्हता. माझ्याकडे बोलास होता आणि शिवाय पाच गुणांचा शिवान ड्रॅगन. आयुष्य मात्र तेराच उरलेले. नातवाकडे क्रेंको आणि चालून जायला तयार पंधरा गॉब्लिन. त्याचे आयुष्य बारा. पाळी त्याची. माझे दोन ड्रॅगन दोन गॉब्लिन अडवू शकत होते. उरले तेरा, आणि माझे आयुष्यही तेरा. म्हणजे त्याने ठरवले असते तर मी त्याच क्षणी संपलो होतो.

मी म्हटले, "थांब. सौदा करू. तू या पाळीला मला सोड, मी माझ्या पाळीला तुला सोडतो. वकीलसाहेबांना दोघं मिळून संपवू."

असे सौदे या खेळात चालतात. नियमांचे पुस्तक ते पाळायला लावीत नाही. शब्द दिला तो दिला. नातवाने माझ्याकडे पाहिले, क्रेंकोला आडवे करून नवे सोळा गॉब्लिन मांडले आणि जुने पंधराच्या पंधरा वकीलसाहेबांवर सोडले. त्यांचे आयुष्य पाचावर आले.

मग माझी पाळी आली. मी हिशेब केला. पुढच्या फेरीला या पोराकडे चालून येणारे एकतीस गॉब्लिन असतील, आणि सौदा तर याच पाळीपुरता. गॉब्लिनांना उडता येत नाही. सात आणि पाच बारा. त्याचे आयुष्य बारा.

मी दोन्ही ड्रॅगन त्याच्यावर सोडले.

तो काही बोलला नाही. त्याने आपली पाने गोळा केली. बाद झालेल्याचे सारे गॉब्लिन त्याच्याबरोबर जातात. नंतर तो भजी आणायला आत गेला. मी वकीलसाहेबांना समजावून सांगत होतो की गणिताने हीच खेळी बरोबर होती. ते म्हणाले, "मास्तर, गणित बरोबर असेल हो. पण आता मी आणि वहिनी, आमच्या दोघांचंही लक्ष्य एकटे तुम्ही." आणि आपल्या पाळीला त्यांनी रॅथ ऑफ गॉड टाकले. सौ.ने तेवढ्यात एक निळा दाम मोजून पाणघोडा हातात परत घेतला, त्याबद्दल वकीलसाहेबांनाच एक पान भेट दिले, आणि पुढच्या पाळीला तो चार दामांत पुन्हा मांडला. माझा बोलास परत यायला दहा दाम पडणार होते. डाव सौ.ने जिंकला, हे सांगायला नकोच.

त्यानंतरचे दोन रविवार मी कसे खेळलो ते विचारू नका. नातवाचा पहिला गॉब्लिन तयार झाला की माझ्याकडे. दुसराही माझ्याकडे. त्यात त्याचेही नुकसान होत होते. मला चौथा क्रमांक मिळे तेव्हा त्याला तिसरा. मी म्हटले, "अरे, हे खेळाच्या दृष्टीनं चूक आहे. वकीलसाहेब बघ किती पुढे गेलेत." तो म्हणाला, "असू द्या, आजोबा." मी सौदा मांडला की वकीलसाहेब चष्मा वर करून विचारीत, "तारण काय ठेवता?"

रात्री सौ. भांडी लावत होती. मी म्हटले, "एवढ्याशा पत्त्यांवरून किती दिवस राग धरायचा एखाद्यानं!"

तिने पातेले पालथे घातले. "तो पत्त्यांवरून नाही रागावलेला. पूर्वपरीक्षा झाली की देतो, असं तुम्ही म्हणाला होतात. दिलात का?"

"त्याच्या भल्यासाठीच ना?"

"भल्यासाठी दोन महिने जास्त ठेवायचा होता, तर तसं सांगायचं होतं. तो ‘बरं’ म्हणाला होता."

मी अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. छत्तीस वर्षांत वर्गात किती पोरांना असे "नंतर देतो" म्हटले असेल, कोण जाणे.

मध्येच पैशांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. या खेळात पैसा ओतला तर ओतता येतो. जडावाचे कमळ असलेले एक पान २०२० साली निघाले. एकही दाम न देता मांडायचे आणि सेनापतीसाठी तीन दाम मिळवायचे. त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम ठरवणाऱ्या स्वतंत्र समितीने त्यावर आणि आणखी तीन पानांवर बंदी घातली. लोक एवढे खवळले की समितीच्या सभासदांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरातच तिने सारा कारभार कंपनीच्या हवाली केला. पत्त्याच्या एका पानासाठी! आमच्या घरात नियम असा की, नवे पान घ्यायचे ते महिन्याला तीनशे रुपयांच्या आत, आणि एकाने महागडे पान आणले तर बाकीच्या तिघांनी त्याच्यावर तुटून पडायचे. दुसऱ्या नियमामुळे पहिला आपोआप पाळला जातो. अनोळखी माणसांत खेळायला बसताना तर डावाआधी आपापल्या कॅटचे बळ एकमेकांना सांगण्याची रीतच आहे. ती मला आवडली.

नातवाला दक्षिणेकडे इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये जायचे ठरले. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघे बसलो. पाने पिसता पिसता मी त्याच्याकडे न पाहता म्हटले, "तो खोका मी जानेवारीतच द्यायला हवा होता. शब्द दिला होता."

त्याचे पिसणे क्षणभर थांबले. "चालतं, आजोबा," एवढेच तो म्हणाला. आणि मग, "कॅट कापा."

डाव रंगला. वकीलसाहेबांचे तुरुंग आणि प्रोपगंडा दोन्ही मैदानात, म्हणजे प्रत्येक प्राण्यामागे चार दाम. सौ. सर्वांना देऊन थकलेली. माझा बोलास खुराक खात उभा. नातवाचे आयुष्य सहा. गॉब्लिन पुन्हा पंधरा, आणि पाळी त्याची. इतिहास आपली पुनरावृत्ती करतो म्हणतात, पण इतक्या लवकर?

"दोन पाळ्या," मी म्हटले. "तुझी एक, माझी एक. मी तुला हात लावत नाही."

वकीलसाहेब मोठ्याने हसले. सौ. हसली नाही. नातू माझ्याकडे पाहत राहिला.

"मागच्या वेळचं आठवतंय ना, आजोबा?"

"आठवतंय."

"बरं," तो म्हणाला.

बारावीच्या वर्षी म्हणाला होता तेच "बरं". त्याने गॉब्लिन सौ.वर पाठवले. तिच्या लहान पाणघोड्यांनी काही अडवले, काही आत गेले. मग माझी पाळी. मी बोलासला तीन दाम खुराक दिला. नातवाचे आयुष्य सहा, बोलासचे बळ सात, आणि अडवायला उडणारे कोणी नाही. वकीलसाहेब पुढे वाकून बघत होते. मी चार दाम मोजून बोलासला त्यांच्यावरच सोडले आणि त्यांच्या हातातली सगळी पाने टाकायला लावली. त्यात रॅथ ऑफ गॉड होते.

फेरी फिरून नातवाकडे आली. सौद्याची मुदत संपली होती. त्याने गॉब्लिन मोजले आणि सारेच्या सारे माझ्यावर लोटले. बोलास आडवा, अडवायला माझ्याकडे एक किरकोळ प्राणी. मी बाद झालो, आणि अगदी नियमाप्रमाणे.

"मुदत संपली होती, आजोबा," तो म्हणाला. पुष्कळ महिन्यांनी तो मला पाहून हसला होता.

"कळलं. मी मोजलं होतं."

"मग अडवायला बोलास मागे का नाही ठेवलात?"

"तुझे गॉब्लिन किती, माझा ड्रॅगन एक! मागे ठेवूनही काय झालं असतं?"

हे त्यालाही पटले. पुढे तो डाव त्याने जिंकला की वकीलसाहेबांनी, यावर त्या दोघांत अजून वाद आहे, कारण शेवटच्या पाळीला वीज गेली.

जाताना त्याने खोका नेला, पण आमचे तीन कॅट ठेवून गेला. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तिघे भिडू मिळाल्याचे कळले. परवा रात्री त्याचा फोन आला. दिवाळीला येतो आहे, मुलगा आणि सूनही मस्कतहून येताहेत, तेव्हा सुनेला कोणता कॅट द्यायचा याचा विचार करून ठेवा म्हणाला. आणि मग, "आजोबा, बोलास ठेवायचाच असेल तर जमिनी वाढवा. बत्तीस फार कमी आहेत. मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गणिताचे मास्तर."

फोन ठेवून मी कॅट काढला आणि चटईवर पसरला. पाच ड्रॅगन बाजूला काढायचे, पाच जमिनी घालायच्या. चार काढून झाले आहेत. पाचवा कोणता काढावा, यावर सौ.चे आणि माझे एकमत होत नाही.